चारला चिकटलेला छोटा काटा

परवा पुतणीला रंकाळ्यावर भेळ खायला न्यायचं ठरलेलं, चारला निघू म्हटलं होतं. घड्याळात तीन पन्नास झालेले आणि ही दुसरीतली पोरगी रडवेली होऊन आली, "काका, चार पन्नास झाले की, तुम्ही विसरलात!" घरातले म्हणाले हिचं अभ्यासात लक्षच नाही. मला ते अजिबात पटलं नाही, पोरीनं जे दिसलं तेच वाचलं होतं.

बघा, छोटा काटा तासाला ३० अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. तीन पन्नासला तो चारपासून फक्त ५ अंश मागं असतो. आमच्या घड्याळात तो काटा ५ सेंटिमीटरचा आहे, त्याच्या टोकाशी हे अंतर जेमतेम ४ मिलिमीटर भरतं. खालून मान वर करून बघणाऱ्या पोराला तो चारवरच दिसणार, आणि मोठा दहावर म्हणजे पन्नास, झाले चार पन्नास! त्यात आपली भाषा. पावणे म्हणजे पादोन, पाव कमी, म्हणून ३:४५ ला आपण नाव घेतो चारचं आणि लिहितो तीन.

पण खरी गडबड पुठ्ठ्याच्या घड्याळानं होते असं मला वाटतं. टिचबटणानं दोन काटे अडकवलेले, मोठा फिरवला तरी छोटा जागचा हलत नाही. मग पोरांना वाटणारच की छोटा काटा तास भर गप्प बसतो आणि मग टुणकन उडी मारतो.

खऱ्या घड्याळात दोन्ही काटे दात्यांच्या चाकांनी एकमेकांना बांधलेले असतात. मोठ्या काट्याचं छोटं चाक मधल्या चाकाला फिरवतं, समजा तिथं वेग ३ पट कमी झाला, त्या मधल्याच्या अंगावरचं छोटं चाक तास काट्याच्या चाकाला फिरवतं, तिथं ४ पट कमी, तीन चोक बारा! आणि दाते भिडले की दिशा उलटते, पण इथं दोनदा भिडतात म्हणून उलटीची परत सुलटी होते आणि दोन्ही काटे एकाच बाजूला फिरतात. मला हे दरवेळी भारी वाटतं.

म्हणून पोरांना खरं घड्याळ द्या. बंद घड्याळ घरात ठेवलं की वाईट वेळ येते म्हणून लोक ते टाकून देतात, अहो सेल संपलाय, नशीब नव्हे! सेल काढा आणि मागची चकती पोराला फिरवू द्या.

आम्ही तेच केलं. तीनपासून ती हळूहळू चकती फिरवत गेली, मध्येच मी थांबवलं, मोठ्या काट्यावर कागद धरला आणि विचारलं किती वाजले. बराच वेळ निरखून म्हणाली, "तीन संपत आलेत, पावणेचार असतील." कागद काढला तर तीन अठ्ठेचाळीस.