डनलूस किल्ल्याचं स्वयंपाकघर समुद्रात गेलं का?

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरच्या डनलूस किल्ल्याबद्दल वर्षानुवर्षं एक गोष्ट फिरते: १६३९ सालच्या वादळी रात्री त्याचं स्वयंपाकघर आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळलं, एक पोरगा तेवढा वाचला, आणि घाबरलेल्या मालकिणीने किल्लाच सोडला.

गोष्ट खरी वाटावी अशीच ही जागा आहे. किल्ला आपल्या सह्याद्रीसारख्याच बेसॉल्टच्या सुळक्यावर उभा आहे आणि खालून लाटांनी गुहा कोरली आहे. कडा ढासळणं इथे अशक्य नाही. निवासी इमारतीची उत्तरेची भिंत खरोखरच समुद्रात पडली, पण ती अठराव्या शतकात, म्हणजे गोष्टीतल्या रात्रीनंतर निदान साठ वर्षांनी. बाकीच्या तीन बाजू अजून उभ्या आहेत.

आणि स्वयंपाकघर? ते जागेवरच आहे! मोठ्या निवासवाड्याला लागून असलेल्या त्या खोलीत चूल आणि भट्टी आजही दिसते. पडताळायचं असेल तर किल्ल्याचा नकाशा घ्या, त्यात स्वयंपाकघर शोधा आणि त्याच जागेचे फोटो बघा.

किल्ला ओस पडण्याचं कारण मला तरी दंतकथेपेक्षा जास्त चटका लावतं. १६४१ च्या आयरिश लोकांच्या उठावात शेजारचं गाव जळालं. १६९० च्या बॉइनच्या लढाईनंतर (इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या दोन राजांमधली आयर्लंडमधली लढाई) मालक घराण्याची आर्थिक घडी विस्कटली. पुढे लोकांनी इथले दगड काढून आसपासच्या बांधकामांना वापरले. बागेच्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर आता फक्त गवत आहे.