रंग दिसत नाहीत? टर्मिनल बदलू नका

इंदुरात रामबागेकडच्या लिनक्स शिकणाऱ्या मुलांचा जुना समज: स्क्रिप्टचे (आज्ञांच्या फाइलचे) रंग दिसले नाहीत की टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, बदलायचं. अहो, दोष बहुतेक वेळा ‘एको’ या मजकूर छापणाऱ्या आज्ञेचा असतो. बॅश या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘वजा ई’ हा पर्याय दिल्याशिवाय तो रंगाचा कोड उलगडत नाही, जसाच्या तसा छापतो. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात 2006पासून ‘एसएच’ म्हणजे डॅश हा दुसरा शेल. तिथे उलटंच, कोड उलगडतो, पण ‘वजा ई’ही पडद्यावर उमटतं!

म्हणून छापायला ‘प्रिंटएफ’ ही आज्ञाच वापरा, दोन्हीकडे सारखीच चालते. लालसाठी बॅकस्लॅश 033, उघडता चौकोनी कंस, 31, छोटा एम. मजकूर संपला की तसंच, पण 31ऐवजी 0. हे विसरलात तर पुढचा प्रॉम्प्टही (आज्ञेची वाट पाहणारी ओळ) लालच राहू शकतो. पाइपने (उभ्या रेघेने) हा मजकूर ‘लेस’ या पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाठवताना ‘लेस’ला ‘वजा मोठा आर’ हवा.