डेटाबेस पडला की नुसता अडकला?

‘अपडेट चालवलं आणि डेटाबेस क्रॅश झाला’ असा निरोप आला की मी आधी विचारतो, अपटाइम (सर्व्हर सलग किती वेळ चालू आहे तो काळ) किती दाखवतोय? उत्तर बहुतेकदा ठरलेलं: ‘ते नाही बघितलं, रिस्टार्ट मारला.’ पुण्याच्या विद्यापीठ चौकातल्या कोंडीत गाडी हलेना म्हणून कुणी इंजिन उतरवायला घेत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या बाबतीत मात्र हिंजवडीतली जाणती माणसंही नेमकं तेच करतात.

क्रॅश सगळ्यांना माहीत आहे. सर्व्हरची प्रोसेस मेली, बऱ्याचदा मेमरी संपल्यावर लिनक्सनेच मारली. अपटाइम पुन्हा शून्यापासून सुरू होतो, एरर लॉगमध्ये नोंद सापडते. कमिट झालेले, म्हणजे पक्के झालेले, बदल इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) रिडो लॉग या बदलांच्या नोंदवहीतून परत आणतं. विषय संपला.

घोळ आहे तो अडकण्याचा. समजा, अप्पा बळवंत चौकातला एखादा पुस्तकविक्रेता जूनच्या तोंडावर नव्या किमतींची सीएसव्ही फाइल इम्पोर्ट करतो आणि आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) जुळवून मूळ टेबलातल्या किमती बदलायला घेतो. इम्पोर्टच्या टेबलाला इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) नाही. मूळ टेबलात आयएसबीएन टेक्स्ट, इथे इम्पोर्ट करताना तो आकडा धरला गेलाय. टेक्स्टच्या कॉलमची आकड्याशी तुलना केली की त्याचा इंडेक्स असून नसल्यासारखा. (एक्सेलने आधीच ९.७८ई+१२ करून ठेवलं असेल तर देवच वाली.) मग अपडेट अख्खं टेबल चाळतं, आणि डिफॉल्ट आयसोलेशन लेव्हलला (एकाच वेळच्या कामांनी एकमेकांपासून किती वेगळं राहायचं ते ठरवणारी सेटिंग) इनोडीबी नुसत्या चाळलेल्या ओळींवरही लॉक धरून बसतं, म्हणजे त्या ओळी दुसऱ्या कुणाला बदलता येत नाहीत.

तेवढ्यात वर्कबेंच, म्हणजे ज्यातून तुम्ही क्वेरी देता ते ॲप, कंटाळतं आणि एरर २०१३ दाखवतं: कनेक्शन तुटलं. तुटलं ते तुमच्या बाजूचं. सर्व्हरवर क्वेरी बहुधा चालूच असते. तुम्ही तीच परत चालवता, ती पहिलीच्या लॉकमागे उभी राहते आणि डिफॉल्ट ५० सेकंदांनी एरर १२०५ (लॉकची वाट बघून मुदत संपली) देऊन बाद होते. तुमच्याच क्वेरीने तुमचीच क्वेरी अडवली, आणि तिकिटात लिहिलं जातं ‘दोनदा क्रॅश’!

इथे किल -९ मारणाऱ्यांचा, म्हणजे सर्व्हरची प्रोसेसच जबरदस्तीने मारणाऱ्यांचा, मला मनापासून राग येतो. सर्व्हर वर येतो तो अर्धवट अपडेट उलटं फिरवतच, आणि ते संपेपर्यंत त्या ओळींवरचे लॉक तसेच राहतात. त्यापेक्षा शो प्रोसेसलिस्ट, म्हणजे चालू क्वेरींची यादी, बघा, जुनी क्वेरी शोधा, तेवढीच किल करा. रोलबॅक, म्हणजे केलेलं उलटं फिरवणं, तिलाही चुकत नाही, पण निदान बाकीच्या टेबलांवरचं काम चालू राहतं. टाइमआउट वाढवण्याचा सल्ला तर कानाआडच करावा. त्याने फक्त जास्त वेळ ताटकळायला मिळतं.

एरर १२१३ म्हणजे डेडलॉक: दोन ट्रान्झॅक्शन (एकदमच पक्के किंवा रद्द होणारे बदल) एकमेकींच्या लॉकची वाट बघत अडकतात आणि त्यांतली एक मागे फिरवली जाते. ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवायची, बस. १२०५ जास्त फसवं, कारण डिफॉल्टला तेवढं एकच स्टेटमेंट मागे फिरतं. ट्रान्झॅक्शन आणि तिचे आधीचे लॉक तसेच राहतात, तेव्हा रोलबॅक स्वतः द्या. मग दोन्हीकडचा आयएसबीएन एकाच प्रकारचा करा, इंडेक्स लावा आणि काही हजार ओळींच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला कमिट देत अपडेट चालवा.