तीन गिअरच्या हबमध्ये तेल की ग्रीस?

जिन्याखाली वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली आजोबांची सायकल कोणीतरी हौसेने बाहेर काढतो, गंज घासतो, नवे टायर चढवतो आणि शेवटी मोठ्या समाधानाने सांगतो की मागच्या चाकाच्या तीन गिअरच्या हबमध्येही, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातही, भरपूर ग्रीस भरून घेतले आहे. हे वाक्य मी ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताच पुढचे सगळे दिसू लागते: काही दिवस सायकल चालते, मग थंडी पडते, पहिल्या गिअरमध्ये पायडल मोकळे फिरू लागते आणि ‘जुना माल, झिजला असेल’ असा निकाल लागून तो सुंदर हब भंगारात जातो. बहुतेक वेळा झिजलेले काहीच नसते. जिथे तेल हवे तिथे ग्रीस गेलेले असते, एवढेच.

साध्या सायकलीच्या हबविषयी फार सांगायला नको. एक्सल, त्यावर आट्यांनी बसणारे दोन कोन (शंकू), दोन कटोऱ्या, त्यांत छर्रे आणि छर्ऱ्यांना ग्रीस, हे ज्याने एकदा चाक उघडले आहे त्याला ठाऊक असते. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. त्याच चाकावरच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे चेन बसते त्या एकाच दिशेने पकडणाऱ्या चक्रात, मात्र कोणताही जाणता मिस्त्री ग्रीस कोंबत नाही, तो तेलाचे चार थेंब सोडतो, कारण फ्रीव्हीलमध्ये कुत्री, म्हणजे स्प्रिंगने उठून खाचांत अडकणारे छोटे खटके, असतात आणि ग्रीसने कुत्री चिकटतात, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. तीन गिअरच्या हबमध्ये नेमकी तशीच कुत्री आत दडलेली असतात, पण ती बाहेरून दिसत नाहीत म्हणून तोच मिस्त्री त्याला साधा, जरा जाडजूड हब समजतो आणि मुठीने ग्रीस भरतो. सगळ्या घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

आपल्याकडच्या जुन्या रॅलेसारख्या सायकलींवर जो गिअर हब सापडतो तो बहुधा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू असतो. ही कंपनी 1902 साली स्थापन झाली आणि एडब्ल्यू हा तिचा नमुना 1930च्या दशकातला आहे. त्याची रचना थोडक्यात अशी: एक्सलवरच 20 दात कोरलेले असतात, त्यांच्याभोवती एका पिंजऱ्यात बसवलेली चार छोटी दातेरी चक्रे फिरतात आणि त्या सगळ्यांना वेढणारे 60 दातांचे एक कडे असते. चेनची ताकद कड्याला देऊन पिंजऱ्यातून चाकाकडे नेली तर चाक पाऊणपट फिरते, हा पहिला गिअर; कड्याला देऊन कड्यातूनच नेली तर एकास एक, हा दुसरा; पिंजऱ्याला देऊन कड्यातून नेली तर एकास एक पूर्णांक एक तृतीयांश, हा तिसरा.

आता खरी गोम. पिंजरा आणि कडे यांच्यापासून चाकापर्यंत ही ताकद पोहोचवतात ती कुत्री. त्यांच्या दोन जोड्या असतात, एक पिंजऱ्यावर आणि दुसरी कड्यावर, आणि प्रत्येक कुत्र्याला उभे ठेवणारी स्प्रिंग केसासारखी बारीक तारेची असते. छर्ऱ्याला फक्त घरंगळायचे असते, त्याच्याभोवती घट्ट काही असले तरी तो रेटून पुढे जातो. कुत्र्याला मात्र स्प्रिंगच्या जेमतेम जोरावर दर खाचेत पडायचे आणि पुन्हा उठायचे असते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्यात धरून ठेवलेले तेल. जागेवरून न हलणे हा त्याचा गुण, आणि कुत्र्याच्या दृष्टीने तोच दोष. ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा हे ग्रीस आणखी आखडते, म्हणूनच मे महिन्यात भरलेल्या ग्रीसची तक्रार हिवाळ्यात येते आणि दोघांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

कोणती जोडी चिकटली आहे, हे हब न उघडता ओळखता येते. पिंजऱ्यावरची कुत्री निजली तर पहिल्या गिअरमध्ये पायडल सरळ मोकळे फिरते, दुसरा आणि तिसरा मात्र ठीक चालतात. कड्यावरची निजली तर गंमत वेगळी होते: दुसरा टाकला तरी पहिल्यासारखा हलका लागतो, तिसरा टाकला तर दुसऱ्यासारखा, आणि खरा तिसरा गिअर नाहीसाच होतो. आवाजानेही कळते. निरोगी एडब्ल्यू दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पायडल मारतानाही टिकटिकतो आणि पहिल्यात गप्प असतो, कारण वरच्या दोन गिअरमध्ये चाक पिंजऱ्याच्या पुढे धावते आणि पिंजऱ्यावरची कुत्री खाचांवरून उड्या मारत राहतात. ‘ग्रीस भरल्यावर आवाज एकदम बंद झाला, मक्खन चलती है’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच. बंद झालेला तो आवाज म्हणजे कुत्री निजल्याची खूण असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पाय अचानक रिकामा जातो तो प्रकार निराळा आहे, त्याचा तेल-ग्रीसशी संबंध नाही. जुन्या एडब्ल्यूमध्ये तिथे मोकळी जागा रचनेतच आहे आणि केबल बिघडली की हब तिच्यात अडकतो. दुसरा गिअर टाकून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहावे. आतल्या दांडीचे टोक एक्सलच्या टोकाशी अगदी समपातळीत आले की केबल बरोबर आहे.

मग इतके लोक ग्रीसकडे का वळतात? कारण तेल गळते. एक्सलच्या दोन्ही बाजूंनी थोडे तेल बाहेर येणे हे या हबच्या स्वभावातच आहे आणि ते येताना आतली धूळही बाहेर आणते, पण आरे काळे झालेले पाहवत नाहीत म्हणून ‘न गळणारे’ काहीतरी हवे असते. यावर उपाय ग्रीस नव्हे, माफक तेल हा आहे. हबच्या मधोमध झाकणीचे छिद्र असते, त्यातून महिन्याकाठी सात-आठ थेंब पुरतात. वाटीभर ओतले तर गळणारच. हबमध्ये ड्रम ब्रेकही असेल तर हात अधिकच आखडता ठेवावा, कारण जास्तीचे तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते.

ग्रीसला या हबमध्ये मुळीच जागा नाही असेही नाही. दोन्ही टोकांच्या छर्ऱ्यांना आणि धूळझाकणांच्या खाचेत त्याची पातळ रेघ जरूर द्यावी, ती धूळ अडवते आणि तेलही धरून ठेवते. ज्यांना तेलाचे छिद्रच नाही असे नंतरचे हब कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात, पण ते ग्रीस पातळ, जवळजवळ वाहते असते; ट्रॅक्टरच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस तिथेही चालत नाही.

तेल कोणते, यावर माझे मत ठाम आहे: मोटरसायकलचे साधे 20डब्ल्यू-40 इंजिन ऑइल. शिलाई मशीनचे तेल चालते, पण ते फार पातळ असल्याने लवकर निघून जाते. स्वयंपाकघरातले कोणतेही तेल नको. मोहरीचे तेल कालांतराने चिकट होऊन वार्निशासारखे बसते, आणि खोबरेल तर 24 अंशांच्या खाली थिजते, म्हणजे आमच्या हिवाळ्यात ते ग्रीसच झाले. गंज सोडवणारा स्प्रे हा सफाईपुरता; त्याला तेल मानू नये.

ग्रीस भरले गेलेच असेल तर छिद्रातून रॉकेल घालून चाक फिरवण्याने काम भागत नाही, हब उघडावा लागतो. उजवीकडचे चेंडूकडे, म्हणजे छर्ऱ्यांची मोठी कटोरी, हातोडी आणि पंचाने उलटे फिरवून सोडवण्याआधी त्याची खाच कोणत्या आऱ्यासमोर आहे ते खुणेने टिपून ठेवावे. त्याच्या आट्यांना दोन तोंडे असतात आणि चुकीच्या तोंडातून बसवल्यास चाकाचा तोल बिघडतो. मग आतला सगळा संच उजवीकडून अलगद बाहेर येतो. तो रॉकेलमध्ये धुऊन, प्रत्येक कुत्रे बोटाने दाबून ते आपोआप उठते का ते पाहावे आणि तेल लावून परत बसवावे. उजवा कोन बोटाने घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यावा, लॉक करावा आणि पुन्हा त्याला हात लावू नये, कारण आतल्या भागांची जागा तोच ठरवतो. चाकाची सगळी जुळणी डाव्या कोनाने करायची, ती इतकी की रिम धरून हलवल्यावर किंचित, जाणवेल न जाणवेल एवढाच हेलकावा उरावा.