‘पिक्चरचं की अल्बमचं?’ : ‘मेड इन इंडिया’च्या मागची गोष्ट

‘मेड इन इंडिया’ हे गाणं १९९५ सालचं. ते अलिशा चिनॉयने गायलं आणि व्हिडिओच्या शेवटी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर आला, हे त्या वर्षी शाळेत असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पहिले दोन ठोके वाजले की माझ्या वयाच्या माणसांचे खांदे आजही हलतात. या गाण्याच्या आठवणी निघाल्या की हल्ली ‘इंडिपॉप’ हा शब्द हमखास येतो. मला तो परका वाटतो. १९९५ साली आमच्या सांगलीत तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. नवं गाणं कानावर पडलं की पहिला प्रश्न असायचा, ‘पिक्चरचं की अल्बमचं?’

‘इंडिपॉप’ हा शब्द जन्मला लंडनमध्ये. १९८१ च्या सुमारास तिथल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचं ते नाव होतं. सतार-तबल्यावर इंग्रजी गाणी करणाऱ्या एका वाद्यवृंदाच्या तबकड्या ती काढायची आणि १९८२ मध्ये त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये चांगलं गाजलं. पुढे दहा वर्षांनी मुंबईतल्या कंपन्यांना आणि इंग्रजी वर्तमानपत्रांना हिंदीतल्या बिगरफिल्मी गाण्यांसाठी एक नाव हवं होतं, तेव्हा हाच शब्द वापरात आला. म्हणजे ज्याला आपण आपलं देशी पॉप म्हणतो त्याचं नावसुद्धा बाहेरून आलेलं आहे. लोकांच्या बोलण्यात रुजला तो ‘अल्बम’, आणि या शब्दाचा प्रवास मला त्या गाण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मोठी रचना असेल तर चार-पाच तबकड्या लागत. त्या कागदी खिशांच्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत, आणि ते पुस्तक फोटोंच्या अल्बमसारखं दिसे म्हणून त्यालाही अल्बम म्हणू लागले. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, सगळं एकाच तबकडीत मावू लागलं, पुस्तक गेलं, नाव राहिलं. इंग्रजीत आजही अल्बम म्हणजे आठ-दहा गाण्यांचा संच.

आपल्याकडे तसं झालं नाही. आपल्याकडे अल्बम म्हणजे आधी लग्नाचा अल्बम. कॅसेटच्या दुकानात हा शब्द आला तो ‘प्रायव्हेट अल्बम’ या जोडीने, आणि त्याचा अर्थ एवढाच होता की या कॅसेटमागे पिक्चर नाही. संचाचा अर्थ गळून पडला आणि ‘पिक्चर नसलेलं’ हा अर्थ चिकटला. मग टीव्हीवर त्या कॅसेटमधलं एकच गाणं दिसू लागलं आणि ते एकटं गाणंच ‘अल्बम’ झालं. ‘तो नवा अल्बम पाहिलास का?’ असं विचारणाऱ्याच्या मनात एक गाणं आणि एक व्हिडिओ असायचा. हा अर्थ कोशात शोधला तर मिळणार नाही, पण कॅसेटवाल्यापासून बेंजोवाल्यापर्यंत सगळे तो बरोबर समजत.

हा फरक आम्हाला शाळेत चांगलाच भोवला. १९९५ च्या डिसेंबरात गॅदरिंगची तयारी सुरू झाली तेव्हा फळ्यावर सूचना लागली, ‘चित्रपटगीतांवर नृत्य बसवू नये.’ नववी ‘ब’च्या मुलींनी ‘मेड इन इंडिया’वर नाच बसवला होता. बाईंनी हरकत घेतली. मुली म्हणाल्या, हे पिक्चरचं नाही, अल्बमचं आहे. बाईंनी कॅसेट मागवली, आतला कागद उलगडून दोन्ही बाजूंनी वाचला. पिक्चरचं नाव कुठेच नव्हतं. प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं. चार दिवस शिक्षकांच्या खोलीत यावर बोलणं चालू होतं. सूचनेतला शब्द पाहिला तर मुली बरोबर होत्या. सूचनेमागचा हेतू पाहिला तर बाई. दुसऱ्या एका वर्गाला पिक्चरमधल्या कोळीगीतावर नाच नाकारला होता, त्यांचं म्हणणं होतं की आमचं गाणं निदान मराठी तरी आहे. शेवटी निकाल आला : गाणं चित्रपटातलं नाही, पण चित्रपटातल्यासारखं आहे, म्हणून चालणार नाही. त्या मुलींनी दोन दिवसांत एका समूहगीतावर हातवारे बसवले. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, निकाल चुकीचा होता. नियम पिक्चरचा होता आणि त्या गाण्यामागे पिक्चर नव्हता.

पण तो निकाल एकट्या आमच्या शाळेचा नव्हता. त्याला चाळीस वर्षांचा इतिहास होता. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्यावर आलेले मंत्री मराठी होते, शास्त्रीय संगीताचे जाणकार होते आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर फारशी जागा देऊ नये असं त्यांचं ठाम मत होतं. गाणं लावताना पिक्चरचं नाव सांगायचं नाही, ती जाहिरात होते, यावरून निर्माते आणि आकाशवाणी यांचं बिनसलं. निर्मात्यांनी परवानग्या काढून घेतल्या आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर ती गाणी परत आली. ‘पिक्चरचं की दुसरं’ हा प्रश्न सरकारी पातळीवर तेव्हाच विचारला गेला होता. पिक्चरची जागा भरायला आकाशवाणीने ‘सुगम संगीत’ उभं केलं, हिंदीत ‘गैरफिल्मी’ हा शब्द रुळला. आमच्या शाळेच्या फळ्यावरची सूचना त्याच विचारातून आलेली होती.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम नोंदवायची आहे. पिक्चरशिवायचं लोकप्रिय गाणं भारतात नव्वदच्या दशकात अवतरलं, असं जे लिहिलं जातं, ते मराठी घराला लागू पडत नाही. कवितेला चाल लावून तबकडी काढायची रीत आपल्याकडे १९३० च्या दशकातच पडली. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभरात छप्पन गीतं झाली. एकाही गीतामागे पिक्चर नव्हता आणि महाराष्ट्रात ती माहीत नसलेलं घर सापडणं कठीण होतं. भावगीत हा तर आपला नेहमीचाच घास. ‘मेड इन इंडिया’ आमच्या घरात आलं तेव्हा आजीला त्यात काही वेगळं वाटलं असेल तर ते पिक्चर नसणं नव्हे, ते बघायचं आणि नाचायचं गाणं होतं हे. भावगीत बसून ऐकायचं असतं. हे गाणं कुणीही बसून ऐकलं नाही.

त्या ठेक्याची वाट लंडनहूनच येते. बेंगळुरूत जन्मलेला आणि तिकडे स्थिरावलेला एक संगीतकार १९७४ मध्ये कुंग फूच्या पिक्चरांच्या लाटेवर केलेल्या एका इंग्रजी गाण्यामुळे जगभर गाजला. १९८० मध्ये त्याने एका हिंदी पिक्चरसाठी एक गाणं पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीकडून गाऊन घेतलं. १९८१ मध्ये त्याच मुलीचा ‘डिस्को दीवाने’ आला. माझी मोठी बहीण टू-इन-वनच्या एकाच स्पीकरला कान लावून ती कॅसेट ऐकायची. त्यामागेही पिक्चर नव्हता, आणि त्या कॅसेटने सीमेच्या दोन्ही बाजूंना वेड लावलं. या साखळीचा तो मधला दुवा आहे, एवढंच सांगून पुढे जातो. त्याच संगीतकाराचं ‘मेड इन इंडिया’ आधी याच गायिकेसाठी होतं आणि आपल्या देशातल्या लोकांना ते रुचणार नाही म्हणून तिने नकार दिला, असं सांगतात. ते मुंबईच्या गायिकेकडे आलं. तिचा पहिला अल्बम १९८५ चा, म्हणजे ती काही एका रात्रीत उगवलेली नव्हती. लंडनच्या संगीतकाराने पाकिस्तानी आवाज मनात धरून केलेलं गाणं ‘मेड इन इंडिया’ म्हणून भारताने छातीशी धरलं. मला यात काही वावगं वाटत नाही. गाणी अशीच बनतात.

आणि ते दोन शब्दच त्या काळात किती जड होते. ‘मेड इन जपान’ लिहिलेला टेपरेकॉर्डर घरात असणं ही प्रतिष्ठा होती. गावातला कुणी आखातात असेल तर तो येताना काय आणतो याकडे आळीचं लक्ष असायचं. मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेली आहे. ‘मेड इन’च्या पुढे ‘इंडिया’ आलं की वस्तू स्वस्तातली, असं आम्ही धरून चाललो होतो. १९९१ पासून आयातीची दारं उघडू लागली, १९९४ मध्ये विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही मुकुट एकाच वर्षी इकडे आले आणि पुढच्याच वर्षी हे गाणं. सगळं जग पाहून झालेली मुलगी सांगते की मला मन इथलंच हवं. तो शिक्का पहिल्यांदा अभिमानाने उच्चारलेला आम्ही ऐकला. व्हिडिओतल्या त्या खोक्यातून बाहेर येणारा तरुण आमच्या दादरच्या शिवाजी पार्कात वाढलेला मराठी जलतरणपटू होता, हे कळल्यावर तर सांगलीतही कॉलर ताठ झाली.

व्हिडिओ का काढले गेले, याचं उत्तर साधं आहे. पिक्चरच्या गाण्याला थिएटर होतं, पोस्टर होतं, हीरो होता. अल्बमच्या गाण्याला काहीच नव्हतं. १९९१ पासून हाँगकाँगहून येणाऱ्या उपग्रह वाहिन्यांमध्ये एक अमेरिकी संगीतवाहिनी होती. १९९४ मध्ये त्यांचं फिसकटलं, ती बाहेर पडली आणि तिच्या जागी आलेल्या वाहिनीला इथली गाणी हवी होती. ती जुनी वाहिनीही १९९६ मध्ये स्वतंत्रपणे परतली. दाखवायला वेळ भरपूर होता आणि गाणी कमी होती. अल्बमचा सुवर्णकाळ म्हणतात तो या रिकाम्या वेळेतून आला. आमच्या आळीत तीन घरांत केबल होती. व्हिडिओ लागला की हाक यायची आणि चपला दारात तशाच टाकून मुलं आत धावायची.

कॅसेट सगळ्यांनाच परवडत नव्हती. आम्ही ‘भरून घ्यायचो’. कोरी सिक्स्टीची, म्हणजे साठ मिनिटांची, कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी दुकानदाराला द्यायची, आठवड्याने न्यायची. माझ्या कॅसेटच्या ‘ए’ बाजूला पहिलं ‘मेड इन इंडिया’ आणि ‘बी’ बाजूलाही पहिलं तेच, म्हणजे कुठूनही लावली तरी सुरुवात तीच. दुकानदाराने यादी पाहून विचारलं होतं, ‘दोनदा? चुकून लिहिलंय का?’ चुकून नव्हतं. ती भरून घेतलेली कॅसेट कंपनीच्या दृष्टीने चोरी होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

ही लाट ओसरली कशी, यावर गायक वेगळं सांगतात, कंपन्या वेगळं. मला दोन कारणं पटतात. दशक संपता संपता पिक्चरवाल्यांना संगीतवाहिन्यांची ताकद कळली आणि प्रदर्शनाआधी महिना-महिना त्यांची गाणी तिथे लागू लागली. रिकामा वेळ उरला नाही. दुसरं कारण रिमिक्स. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सूट होती की एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं सूचना देऊन आणि मानधन भरून दुसऱ्याला नव्याने गाऊन घेता येई. १९९४ च्या दुरुस्तीत त्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली गेली. २००२-०३ मध्ये जुन्या गाण्यांवर नवे ठोके चढवून जे व्हिडिओ आले, त्यांच्या वेळी या सुटीवरून बरंच भांडण झालं, आणि २०१२ च्या दुरुस्तीत मुदत पाच वर्षांची झाली. तोवर नवी चाल बांधण्यावर पैसे लावणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

मराठीत मात्र उलटं झालं, आणि हे इंडिपॉपच्या इतिहासात कुणी लिहीत नाही. हिंदी लाट उतरू लागली त्याच सुमारास, १९९८ मध्ये, ‘गारवा’ आला. आधी कविता बोलायची आणि मग गायची, ही भावगीताच्या घरातलीच गोष्ट, पण ती विकली गेली पॉपच्या कॅसेटसारखी. कॉलेजच्या पोरांनी ती पावसाळाभर घासून काढली. मग २००२ मध्ये ‘ऐका दाजिबा’ थेट हिंदी संगीतवाहिन्यांवर वाजलं. बहिणीच्या नवऱ्याला आपण हाक मारतो तो शब्द दिल्ली-चंदीगडची पोरं अर्थ न कळता गुणगुणत होती. माझ्या दाजींना त्या वर्षी लग्नाच्या प्रत्येक वरातीत बेंजोवाल्यासमोर ओढून नेलं गेलं.

त्या गॅदरिंगच्या दिवशी बक्षीस समारंभ संपला, पाहुणे गेले आणि मंडपवाल्याचा पोरगा वायरी गुंडाळता गुंडाळता स्वतःची कॅसेट लावून मोकळा झाला. ‘मेड इन इंडिया’ लागलं. नववी ‘ब’च्या मुली खुर्च्या उचलत होत्या. त्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या आणि बसवलेला नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत मैदानात केला. बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी थांबवलं नाही.

गेल्या मे महिन्यात अलिबागजवळच्या एका लग्नात हळदीला एक नवं कोळीगीत वाजत होतं. गाव तिथलंच, गायक तिथलाच, होडीवर घेतलेला व्हिडिओ, मोबाइलवर टाकलेलं एकच गाणं. मी शेजारच्या पोराला विचारलं, कुठल्या पिक्चरमधलं? तो म्हणाला, ‘पिक्चरचं नाय काका, अल्बम हाय.’