आवाजाने कान गेला तर दिव्यांगाचा दाखला कोणाला मिळतो, कागद काय लागतात, आणि त्याआधी काय करायचं

मिरकरवाड्याचा एक बोटीवरचा ड्रायव्हर माझ्याकडे फॉर्म भरायला आला होता, वीसेक वर्षं इंजिनपाशी. टेबलावर त्याचाच मोबाइल वाजत होता, त्याला पत्ताच नाही, टेबल थरथरलं तेव्हा बघितलन. बोललेलं तसं कळतं म्हणे, पण घरात टीव्ही चालू असला की नातीचं काहीच कळत नाही. विचारत होता दाखला मिळेल का.

आधी पात्रता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची 60 ते 70 डेसिबल ऐकण्याची ताकद गेली असेल तर 'ऐकू कमी येणारे' आणि 70 किंवा त्याच्यावर असेल तर 'कर्णबधिर' धरतात. बहुतेक योजनांना दाखल्यावर कमीत कमी 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांगांच्या दाखल्याची सरकारी वेबसाइट) ऑनलाइन, फी नाही. आधार, पासपोर्ट फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल नंबर (ओटीपी त्याच्यावरच येतो, मुलाचा मुंबईतला नंबर देऊ नका, तो फोन उचलेपर्यंत ओटीपी संपतो). जुने कानाचे रिपोर्ट असतील तर तेही जोडा. मग नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलात, म्हणजे बहुतेक वेळा रत्नागिरी, ओरोस नाहीतर अलिबागच्या सिव्हिलला तपासणी, तिथे कानाचे डॉक्टर बघतात आणि ऑडिओमेट्री (मशीनवर आवाज ऐकवून कान किती ऐकतो ते मोजतात) करतात, शंका असली तर बेरा टेस्ट (डोक्याला तारा लावून कानाची नस तपासतात) सांगतात. टेस्टच्या आधी 14 तास तरी मोठ्या आवाजात जाऊ नका, रात्रपाळी करून थेट गेलात तर कान तात्पुरता दबलेला असतो आणि रिपोर्ट चुकीचा येतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. दाखला मिळण्याएवढा कान गेला म्हणजे फार उशीर झालेला असतो, आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही. सुरुवात दिसते ती ऑडिओग्रामवर, म्हणजे ऑडिओमेट्रीच्या आलेखावर, 4000 हर्ट्झच्या बारीक, चढ्या आवाजाजवळ खड्डा पडतो तिथे, तेव्हा माणसाला स्वतःला काहीच जाणवत नसतं. म्हणून कामाला लागतानाच एक ऑडिओमेट्री करून घ्या, मग दरवर्षी एक, आणि सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पहिल्या रिपोर्टच्या तुलनेत 2000, 3000, 4000 हर्ट्झची सरासरी 10 डेसिबलनी बिघडली तर लगेच कानाच्या डॉक्टरकडे.

लोटे-महाडकडे कंपनीत असाल तर आवाजाने येणारा बहिरेपणा कामगार कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून धरलेला आहे. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर तिथल्या डॉक्टरला काम काय, किती वर्षं, कुठल्या मशीनवर हे लेखी द्या, नुसतं तोंडी सांगू नका. कारखान्याच्या नियमात 8 तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे, पण 85 पासूनच कानाला धोका सुरू होतो. चिऱ्याच्या खाणीवर आणि बोटीवर काम करणाऱ्यांना कोणी तपासायला येत नाही, त्यांना हे स्वतःच करावं लागतं. कापसाचा बोळा घालून काही होत नाही हो, मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात ते पिळून बारीक करून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे.

त्या ड्रायव्हरचा अर्ज भरलाय, आणि बोटीवर त्याच्या हाताखाली असलेल्या पोराला पुढच्या आठवड्यात ऑडिओमेट्रीला घेऊन जायला सांगितलंय.