कळ, भीती आणि संमोहन

प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचा स्नायू ठरावीक अंतराने आवळतो आणि सैल पडतो. या आवळण्याला मराठीत आपण ‘कळ’ म्हणतो, आणि कळ म्हणजे वेदनाच. स्नायूची हालचाल आणि तिच्यामुळे होणारे दुखणे या वस्तुतः दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण बोलीत त्यांना नाव एकच. ‘आकुंचन’ हा शब्द पाठ्यपुस्तकात शोभतो, कळा घेणाऱ्या बाईशी बोलताना तो कोणी वापरत नाही. प्रसूतीसाठी संमोहनाचा जो वापर केला जातो, त्याचा सगळा खटाटोप या एका शब्दातले दोन अर्थ एकमेकांपासून सोडवण्याचा आहे, असे म्हणता येईल. स्नायूने आपले काम करावे, मात्र त्याच्या मागोमाग येणारी घबराट येऊ नये.

संमोहन म्हटले की अनेकांना रंगमंचावरचा जादूगार आणि डोळ्यांसमोर झुलणारे घड्याळ आठवते. या गैरसमजात नावाचाही वाटा आहे. मँचेस्टरमध्ये काम करणारे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३ सालच्या आपल्या पुस्तकात या अवस्थेसाठी झोपेच्या ग्रीक शब्दावरून बेतलेले ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले, आणि पुढे ही झोप नव्हेच हे ध्यानात आल्यावर त्यांनी स्वतःच ते बदलण्याचा प्रयत्न केला. पण तोवर नाव चिकटले होते. संमोहित व्यक्ती जागी असते, तिला ऐकू येते, ती बोलू शकते, हवे तेव्हा उठून चालू शकते. फक्त तिचे लक्ष एका गोष्टीवर इतके एकवटलेले असते की आजूबाजूच्या इतर गोष्टी मागे सरतात आणि दिलेल्या सूचनांना मन एरवीपेक्षा अधिक सहज प्रतिसाद देते. प्रसूतीत हे जागेपण महत्त्वाचे असते, कारण डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, कूस बदलणे, योग्य वेळी जोर करणे ही कामे बाईलाच करायची असतात.

बहुतेक ठिकाणी शिकवले जाते ते स्वयंसंमोहन. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही सत्रे होतात आणि त्यानंतर घरी रोज ध्वनिमुद्रित सूचना ऐकून सराव करायचा असतो. त्यातला एक जुना प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. श्वास लांबवत, अंग सैल सोडत गेल्यावर आपला एक हात थंडगार पाण्यात बुडाला आहे अशी कल्पना करायची; बोटे गार पडतात, मग बधिर होतात, जणू हातावर जाड मोजा चढला आहे. हा बधिरपणा पुरेसा ‘जाणवला’ की तो हात पोटावर ठेवायचा आणि बधिरपणा पोटात उतरतो आहे असे मनाला सांगायचे. वाचताना हे पोरकट वाटेल, आणि पहिल्या दोन-तीन वेळा करतानाही तसेच वाटते. म्हणूनच सराव आठवडेच्या आठवडे करावा लागतो. ऐन कळांच्या वेळी पहिल्यांदा करून पाहण्याची ही गोष्ट नाही.

यामागचा शरीरशास्त्रीय विचार भीतीपाशी सुरू होतो. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली भीती, ताण आणि वेदना यांचे एक चक्र मांडले: भीतीने अंग ताठते, ताठलेल्या अंगाला अधिक दुखते आणि दुखल्याने भीती आणखी वाढते. निर्भय स्त्रीला प्रसूतीत फारसे दुखतच नाही, या टोकाला त्यांनी हा विचार नेला तो मात्र टिकणारा नव्हता, कारण ताणल्या जाणाऱ्या गर्भाशयमुखापासून मज्जारज्जूपर्यंत वेदनेचे संदेश नेणाऱ्या नसा धीट आणि भित्र्या, दोघींनाही सारख्याच असतात. तरीही चक्राच्या कल्पनेत तथ्य आहे. घाबरल्यावर रक्तात वाढणारे ॲड्रेनॅलिन गर्भाशयाच्या स्नायूवरील एका प्रकारच्या ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या जागांना, जाऊन भिडले की तो स्नायू सैलावतो. अवेळी सुरू झालेल्या कळा थोपवण्यासाठी दिली जाणारी काही औषधे नेमक्या याच वाटेने काम करतात. म्हणजे फार घाबरलेल्या बाईच्या कळा मंदावणे आणि प्रसूती लांबणे शक्य असते, आणि लांबलेली प्रसूती थकवते ते वेगळेच.

दुखणे आणि दुखण्याचा त्रास खरोखर वेगळे करता येतात का, याचे उत्तर माँट्रियलमधील एका प्रयोगाने दिले. पिएर रॅनव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात स्वयंसेवकांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, संमोहनाखाली, ती संवेदना कमी किंवा जास्त त्रासदायक वाटेल अशा सूचना देण्यात आल्या आणि त्याच वेळी मेंदूचे चित्रण करण्यात आले. पाणी तेच होते. वेदना कुठे आणि किती आहे हे नोंदवणाऱ्या भागातील हालचाल साधारण तशीच राहिली, पण वेदना किती असह्य आहे याच्याशी निगडित असलेल्या, मेंदूच्या मध्यभागी आत असलेल्या पट्ट्यातील हालचाल सूचनेनुसार कमी-जास्त झाली. अर्थात प्रयोगशाळेतले काही मिनिटांचे गरम पाणी आणि बारा-चौदा तास चालणाऱ्या कळा यांची बरोबरी होत नाही.

ती बरोबरी करून पाहणाऱ्या मोठ्या चाचण्यांनी उत्साह बराच खाली आणला. डेन्मार्कमध्ये पहिलटकरणी असलेल्या १,२२२ स्त्रियांचे तीन गट करून एकाला स्वयंसंमोहन, दुसऱ्याला शिथिलीकरण आणि तिसऱ्याला नेहमीचीच देखभाल देण्यात आली. पाठीच्या कण्यातून दिली जाणारी एपिड्युरल ही वेदनाशामक भूल त्या गटांमध्ये अनुक्रमे ३१.२, २९.८ आणि ३०.० टक्के स्त्रियांनी घेतली, म्हणजे फरक नाहीच. ब्रिटनमधील ६८० पहिलटकरणींच्या चाचणीतही संमोहन शिकलेल्या गटात २७.९ आणि नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ३०.३ टक्के असे जवळजवळ सारखेच आकडे आले. मात्र बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारल्यावर, संमोहन शिकलेल्या स्त्रियांनी आपल्याला वाटले होते त्यापेक्षा प्रत्यक्षात भीती आणि चिंता कमी जाणवल्याचे सांगितले. नऊ चाचण्या आणि २,९५४ स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या ‘कोक्रेन’ या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यानुसार वेदनाशामक औषधांचा एकूण वापर संमोहनाने काहीसा घटत असावा, एपिड्युरलचा मात्र नाही. मला हे निष्कर्ष निराशाजनक वाटत नाहीत. संमोहनाकडून भूल देण्याचे काम मागितले, ते त्याने केले नाही. भीती हलकी करण्याचे काम ते थोडेफार करते, असे दिसते.

म्हणूनच ‘वेदनारहित प्रसूती’ची जाहिरात करणाऱ्या वर्गांविषयी सावध राहिलेले बरे. असे आश्वासन ऐकून गेलेल्या बाईला प्रत्यक्षात सपाटून दुखले की ती शिकवणाऱ्याला नव्हे, स्वतःलाच दोष देते: आपला सराव कमी पडला, आपले मन कच्चे. वास्तविक संमोहित होण्याची क्षमता माणसागणिक बदलते. काहीजण सूचनांना चटकन आणि खोलवर प्रतिसाद देतात, काहींवर जवळजवळ परिणाम होत नाही, आणि बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात. यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. स्वयंसंमोहन करणाऱ्या स्त्रीने एपिड्युरल मागितली तर त्यात काही मोडत नाही. सुई टोचतानाही तोच लांब श्वास कामी येतो, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तरीही. पूर्वी मनोविकाराचा, विशेषतः भ्रम किंवा भास होण्याचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊ नये. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब किंवा बाळाच्या हृदयाचे बिघडलेले ठोके यांवर कोणतीही सूचना चालत नाही.

सूचना केवळ संमोहनाच्या सत्रातच दिल्या जातात असेही नाही. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवस भरलेल्या १४० गरोदर स्त्रियांना पाठीत भूल देण्यापूर्वी त्वचा बधिर करणारे इंजेक्शन टोचण्यात आले. निम्म्या जणींना आता मोठ्या मधमाशीचा डंख बसल्यासारखे वाटेल, हाच सर्वांत वाईट भाग आहे, असे सांगितले. उरलेल्यांना आता जागा बधिर होईल आणि पुढचे सुसह्य जाईल, असे सांगितले. दहापैकी किती दुखले, असे विचारल्यावर पहिल्या गटाचे मधले उत्तर पाच आले आणि दुसऱ्याचे तीन. कळा घेणाऱ्या बाईच्या उशाशी उभे राहून दर दोन मिनिटांनी ‘फार दुखतंय का?’ असे काळजीने विचारणाऱ्या नातेवाइकांपर्यंत हा अभ्यास अजून पोहोचलेला नाही.